रिमेकमध्ये घड्याळ का चालत नाही?

तुमचा प्रश्न आधी इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडतो. राज्य नाट्य स्पर्धेत नाटकं करणारा नाशिकचा एक तरुण गट आता पहिली वेबफिल्म करायला निघाला आहे. गोष्ट रेल्वेच्या डब्यात ओलीस धरलेल्या प्रवाशांची. तयारी म्हणून या मंडळींनी २००९ चा ‘द टेकिंग ऑफ पेलम १२३’ पाहिला आणि दुसऱ्या दिवशी ज्यावरून तो केला तो १९७४ चा मूळ चित्रपट. नव्यात पैसा ओतलेला, नट मोठे, कॅमेरा क्षणभर एका जागी ठरत नाही. तरी तो बघताना अर्ध्या तासात एकाने मोबाइल काढला, आणि जुना बघताना कुणी चहाला उठलं नाही. असं का झालं, आणि आमच्या संहितेत ते कसं टाळायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

मी संकलक. काय दाखवायचं यापेक्षा काय कापायचं यावर पोट भरलेला माणूस, तेव्हा उत्तरही त्याच बाजूने येणार. दोन्ही चित्रपटांचे शेवट उघड करावे लागतील. ज्यांना ते आधी बघायचे आहेत त्यांनी बघून यावं.

‘जुनं ते सोनं’ हे उत्तर मला मान्य नाही. नट कमी पडले असंही नाही. डेन्झेल वॉशिंग्टन, जॉन ट्रॅव्होल्टा, जेम्स गँडोल्फिनी, जॉन टर्टुरो एका चित्रपटात मिळाले तर कुठलाही दिग्दर्शक देवाला नारळ फोडेल. लांबीचंही कारण नाही. जुना १०४ मिनिटांचा, नवा १०६. बहुतेक जण दोष देतात दिग्दर्शक टोनी स्कॉटच्या शैलीला: मधेच वेग वाढवलेले शॉट्स, गोठवलेल्या चौकटी, गरगरणारा कॅमेरा. मलाही ती शैली फार आवडत नाही. पण याच स्कॉटने याच डेन्झेलला घेऊन १९९५ मध्ये ‘क्रिमसन टाइड’ केला होता. एका पाणबुडीत अडकलेले दोन अधिकारी आणि एक अर्धवट आलेला आदेश एवढ्या सामग्रीवर तो चित्रपट शेवटपर्यंत ताणून धरतो. आणि पेलमच्या पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, तोच दिग्दर्शक, तोच नट आणि पुन्हा रेल्वे: ‘अनस्टॉपेबल’. २००१ साली ओहायोत चालकाविना सुटलेल्या एका मालगाडीच्या खऱ्या घटनेवरून केलेला. कॅमेरा तितकाच अस्वस्थ, कट तितकेच वेगवान, तरी हाताच्या मुठी आवळल्या जातात. म्हणजे आजार शैलीचा नाही.

‘अनस्टॉपेबल’मध्ये प्रत्येक मिनिटाला कुणाला तरी काहीतरी काम करायचं आहे. सुटलेल्या गाडीला मागून इंजिन जोडायचं, दोन्ही जोडणारं कपलिंग अडकलं की नाही ते बघायचं, पुढच्या वळणाआधी वेग उतरवायचा. काम काय आहे ते आपल्याला कळतं, म्हणून ते होईल की नाही याची धाकधूक वाटते. २००९ च्या पेलममध्ये नेमकी हीच कामं बाजूला सारली आहेत, आणि माझं मुख्य म्हणणं एवढंच आहे.

मूळ कथा आठवा. जॉन गोडी या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाची १९७३ ची कादंबरी, पटकथा पीटर स्टोनची, दिग्दर्शन जोसेफ सार्जंटचं. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे. पेलम बे पार्क स्थानकातून दुपारी १ वाजून २३ मिनिटांनी सुटलेली गाडी, म्हणून चित्रपटाचं हे नाव. चार माणसं ती ताब्यात घेतात, एकमेकांना ब्लू, ग्रीन, ग्रे, ब्राउन अशा रंगांनी हाक मारतात (ही क्लृप्ती पुढे १९९२ मध्ये टॅरँटिनोने ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’साठी उचलली), पुढचा डबा गाडीपासून वेगळा करून भुयारात उभा करतात. आत सतरा प्रवासी आणि एक कंडक्टर. मागणी दहा लाख डॉलरची, मुदत एक तासाची. उशीर झाला तर मिनिटाला एक माणूस मरणार.

या तासात काय काय घडावं लागतं ते मोजा. पैसे शहर देणार, म्हणजे महापौराची संमती हवी. महापौर तापाने फणफणून अंथरुणात पडून टीव्ही बघतोय आणि त्याला निर्णयच घ्यायचा नाही. त्याची बायको हिशेब मांडते की अठरा माणसं सुटली तर अठरा मतं पक्की. मग बँकेत नोटा मोजायच्या, गड्ड्या बांधायच्या. हात कितीही भरभर चालले तरी मोजायला लागतो तेवढा वेळ लागतोच. मग ते पोतं भर दुपारच्या वाहतुकीतून शहराच्या खालच्या टोकापासून वर आणायचं. मग दोन पोलिसांनी ते घेऊन अंधाऱ्या भुयारातून, बंदुका रोखलेल्या डब्यापर्यंत चालत जायचं. प्रत्येक टप्प्यावर एक माणूस आहे, आणि तो बहुतेकदा वैतागलेला आहे. आपल्याला कायम माहीत असतं की अजून काय काय उरलंय. चित्रपटातलं घड्याळ असं तयार होतं. उरलेली कामं एकीकडे, उरलेली मिनिटं दुसरीकडे, आणि प्रेक्षक मनातल्या मनात वजाबाकी करत बसतो.

नव्या चित्रपटात उरलेला वेळ आकड्यांनी पडद्यावर लिहून येतो. मला ते दिसलं तेव्हाच शंका आली. वेळ लिहून दाखवावी लागते याचा अर्थ ती दृश्यांतून जाणवत नाही, हे टेबलावर बसलेल्या कुणाच्या तरी लक्षात आलंय. खंडणी एक कोटी डॉलर झाली, पैशाच्या ताफ्याचे अपघात कितीतरी मोठे झाले, मोटारी हवेत उडतात. पण अपघात जुन्यातही आहे! तिथेही पैशाची गाडी उलटते. फरक पुढच्या क्षणात आहे. पैसे अजून रस्त्यातच आहेत, मुदत संपत आलीय, आणि वॉल्टर मॅथ्यूने केलेला गार्बर नियंत्रण कक्षातून रेडिओवर बिनदिक्कत सांगून टाकतो की पैसे स्टेशनात पोचले. एक थाप, तीही आळसावलेल्या आवाजात. आता पलीकडच्याने ती ओळखली तर? त्या एका वाक्यात जेवढा ताण आहे तेवढा नव्यातल्या सगळ्या उलटणाऱ्या गाड्यांत मिळून नाही. अपघाताचा खर्च मात्र त्यांनी भरपूर केला.

इथे वाटाघाटींबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तुमच्या संहितेतला पोलीस अधिकारी फारच धडाडीचा आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ओलीस धरलेले इस्रायली खेळाडू मारले गेले, त्यानंतर न्यूयॉर्क पोलिसांनी १९७३ मध्ये ओलीस प्रकरणांसाठी खास वाटाघाटी करणारं पथक उभं केलं. मानसशास्त्र शिकलेला हार्वी श्लॉसबर्ग आणि फ्रँक बोल्झ या दोघांनी त्याची पद्धत बसवली. तिचा गाभा असा की जो बोलतो त्याच्या हातात निर्णय ठेवायचा नाही, आणि ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला बोलू द्यायचं नाही. म्हणजे बोलणाऱ्याला कायम म्हणता येतं, ‘मला वर विचारावं लागेल.’ यातून वेळ मिळतो. वेळ गेला की माणूस थकतो, भूक लागते, डोकं थोडं थंड होतं, ओलिसांशी दोन शब्द बोलले जातात. वाटाघाटी करणाऱ्याचं भांडवल वेळ हेच.

आता मूळ पेलमची मेख बघा. टोळीचा म्होरक्या ब्लू नेमकी तीच गोष्ट समोरच्याकडून काढून घेतो. तो वेळ देतच नाही. गार्बर भुयारी रेल्वेच्या पोलिसांतला एक अधिकारी, निर्णय त्याच्या हातात नाही, त्याला सतत वर विचारावं लागतं आणि वर महापौर नाक शिंकरतोय. दोघांच्या मध्ये एक अख्खी नोकरशाही उभी आहे. आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत एका सहीसाठी ताटकळलेल्या माणसाला ही भीती समजावून सांगावी लागत नाही.

२००९ मध्ये पटकथाकार ब्रायन हेल्गलंडने अधिकृत वाटाघाटी करणारा आणला आहे, तो टर्टुरो. कल्पना चांगली होती. पण ट्रॅव्होल्टाचा रायडर हट्ट धरतो की मी बोलेन तर फक्त गार्बरशी, आणि तिथून चित्रपट दोन माणसांचा होतो. डेन्झेलचा गार्बर पोलीस नाही. लाचेच्या चौकशीमुळे खालच्या खुर्चीवर आणून बसवलेला रेल्वेचा अधिकारी आहे. रायडर एका तरुण प्रवाशावर पिस्तूल रोखून त्याच्याकडून रेडिओवर कबुली काढून घेतो की होय, मी पस्तीस हजार डॉलर घेतले. अभिनय म्हणून हा चित्रपटातला सर्वांत चांगला प्रसंग आहे. डेन्झेलचा चेहरा बघत राहावा. पण संकलकाच्या नजरेने बघा: या काही मिनिटांत बाकीचे ओलीस कुठे गेले? नेपथ्य झाले. ज्यांच्या जिवासाठी हा सगळा खटाटोप, ते पाठीमागच्या बाकांसारखे धूसर बसून राहतात आणि आपण दोन नायकांच्या मनाची चिकित्सा ऐकतो. त्यानंतर पुन्हा खंडणीकडे वळलं की ताण शून्यापासून उभा करावा लागतो, म्हणून पुन्हा मोटारी, पुन्हा आकडे.

भूतकाळ जुन्या चित्रपटातही आहे, बरं का. ब्लू आफ्रिकेत भाडोत्री सैनिक होता हे आपल्याला कळतं, पण डब्यात वाट बघताना साथीदाराशी झालेल्या दोन-चार वाक्यांत. ग्रीन हा रेल्वेने काढून टाकलेला मोटरमन. गाडी चालवायला त्यांना असा माणूस लागणारच, म्हणून त्याचा भूतकाळ कटाचा भाग आहे. गार्बरच्या घरी कोण आहे, तो बायकोशी भांडतो का, याचा पत्ता लागत नाही आणि आपल्याला विचारावंसंही वाटत नाही. नव्यात त्याची बायको फोनवर येते, येताना दूध आण म्हणून बजावते, आणि चित्रपट संपतो तो दुधाचा कॅन घेऊन घरी निघालेल्या गार्बरवर. दूध आणायला माझा विरोध नाही. पण एवढी सहानुभूती आधीच मागितली की प्रेक्षक हात आखडता घेतो.

खलनायकाचंही तसंच. रॉबर्ट शॉचा ब्लू आवाज चढवत नाही. मुदत भरत आली असताना तो शब्दकोडं सोडवत बसतो. अशा माणसाने ‘मिनिटाला एक’ म्हटलं की आपण ते खरं मानतो. शेवटी कोंडीत सापडल्यावर तो गार्बरला एवढंच विचारतो की या राज्यात अजून फाशी देतात का. सध्या नाही, असं उत्तर मिळतं. मग तो पाय उचलून शांतपणे वीज खेळत असलेल्या तिसऱ्या रुळाला लावतो. ट्रॅव्होल्टाचा रायडर पहिल्या मिनिटापासून किंचाळतोय, शिव्या देतोय, देवाधर्मावर प्रवचन झोडतोय. पाचव्यांदा धमकी दिली की ती सवय होते. नाटकवाल्यांना हे सांगायला नको. पहिल्या अंकात सगळा आवाज खर्चून दुसऱ्या अंकात घसा बसलेले नट तुम्ही-आम्ही पुष्कळ पाहिलेत.

जुन्यातलं शहर हा तर स्वतंत्र आनंद आहे. ते १९७४ चं न्यूयॉर्क, वर्षभरात दिवाळखोरीच्या दारात जाऊन उभं राहणार असलेलं. कर्मचारी एकमेकांवर खेकसतात. टोकियोहून आलेल्या रेल्वे पाहुण्यांना इंग्रजी येत नाही असं धरून गार्बर त्यांच्यासमोर नको ते बोलतो, आणि निघताना ते अस्खलित इंग्रजीत आभार मानतात. प्रवाशांना श्रेयनामावलीत नावंसुद्धा नाहीत, नुसती आई, म्हातारा अशी ओळख, तरी त्यातले चार-पाच आजही माझ्या डोळ्यासमोर आहेत, कारण ते आपसात कुरबुर करतात, एकमेकांचं ऐकत नाहीत. विनोदाने ताण सैल पडतो असं तुमच्यापैकी कुणीतरी लिहिलंय. मला उलट वाटतं. माणसं हसतात, चिडतात तोवर ती जिवंत वाटतात, आणि जिवंत वाटली तरच मरायची भीती.

शेवटाबद्दल एकच. जुन्यात ग्रीनला दिवसभर सर्दी आहे, तो रेडिओच्या जवळ शिंकतो आणि पलीकडून गार्बर सवयीने शिंकेवरचं ‘गेझुंटहाइट’ म्हणत राहतो. सगळं संपल्यावर गार्बर जुन्या कर्मचाऱ्यांची घरं धुंडाळत ग्रीनच्या खोलीवर येतो, काही सापडत नाही, निघतो, दार लागतं, आणि आतून शिंक येते. दार पुन्हा उघडतं. मॅथ्यूचा चेहरा. संपलं. एक शिंक तासभर आधी पेरलेली. नव्यात गार्बर स्वतः पैसे घेऊन जातो, पिस्तूल मिळवतो, पुलावर पाठलाग करतो आणि रायडरला गोळी घालतो. रेल्वेची वेळापत्रकं सांभाळणारा माणूस तासाभरात शिपाईगडी होतो. हे स्टुडिओला हवं असणार. दहा कोटी डॉलरच्या आसपास खर्च केला की नायकाने शेवटी गोळी झाडावी असं कुणालाही वाटेल.

तरी एका गोष्टीसाठी हेल्गलंडला दाद द्यायला हवी, आणि ती वाया गेली याचं मला सर्वांत वाईट वाटतं. २००८ ची मंदी ताजी होती. त्याचा रायडर पूर्वीचा वॉल स्ट्रीटवाला आहे. ओलीस प्रकरणाने घाबरून शेअर बाजार कोसळेल आणि सोनं चढेल, या हिशेबाने त्याने आधीच पैसा लावून ठेवलाय. खंडणी हा वरचा मुलामा. आता विचार करा: गुन्हेगाराला उशीरच हवा असेल, बाजार खाली जात राहावा असं त्याला वाटत असेल, तर वेळ काढणारा वाटाघाटीवाला नकळत त्याचाच फायदा करून देतोय. वर सांगितलेली सगळी पद्धत उलटी फिरली! हा खरा नवा चित्रपट होता. १९७४ मध्ये तो कुणाला सुचलाच नसता. पण हे कोडं महापौर उशिरा, चालता चालता उलगडतो आणि पटकथा पुन्हा पाठलागाकडे वळते. रिमेक करणाऱ्याकडे नवी कल्पना होती, आणि त्याने तिला शेवटच्या बाकावर बसवलं.

आता तुमची संहिता. पंचवटी एक्स्प्रेस, संध्याकाळची परतीची गाडी, तीन माणसं, पासधारकांचा डबा. जागा तुम्ही उत्तम निवडलीय. पासधारकांच्या डब्यात कोण कुठे बसतं हे ठरलेलं असतं, कुणाचे पत्ते कुठे रंगतात, कुणाची सून नाशिकरोडला स्कूटर घेऊन उभी असते, हे अख्ख्या डब्याला माहीत असतं. इतक्या ओळखीच्या माणसांत तीन अनोळखी चेहरे किती वेळ लपणार, इथेच पहिला सीन आहे आणि तो तुम्ही लिहिलेला नाही. त्याऐवजी म्होरक्याचे तीन फ्लॅशबॅक आहेत: कांद्याचा पडलेला भाव, सावकार, बहिणीचं मोडलेलं लग्न. तिन्ही काढा. लासलगावच्या लिलावात त्या दिवशी काय झालं हे डब्यातल्याच एखाद्या प्रवाशाच्या तोंडून एका वाक्यात येऊ दे, आणि म्होरक्याने ते ऐकून नुसतं मान वळवावी.

काम कुठलं, हा प्रश्न उरतो. उत्तर तुमच्या वाटेवरच आहे. मुंबईहून येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कसाऱ्यात मागून बँकर, म्हणजे घाटात गाडी ढकलणारी जादा इंजिनं, लागतात. ३७ ला १ चा, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, असा चढ आहे, त्यांच्याशिवाय गाडी इगतपुरीला चढत नाही. तुमची माणसं म्हणतात गाडी कुठेही थांबता कामा नये. ती थांबावीच लागणार. बँकर लावायचे की नाही, डब्यातल्या तिघांना संशय न येता उशीर किती लांबवता येईल, हा निर्णय एका नियंत्रकाच्या टेबलावर येतो आणि त्याला वर विचारावं लागतं. हाच तुमचा गार्बर. त्याला लाचेची चौकशी नको, आजारी आई नको. त्याला दोन फोन, एक वॉकीटॉकी, हातात खाली-वर होणारं पेन आणि ड्युटी संपत आलेला सहकारी द्या. आणि एकदा बँकर लागले की पुढे बोगदे आहेत, तिथे मोबाइलची रेंज जाते. म्हणजे बोलणं तुटतं, डबा आपल्यापुरता एकटा उरतो, आणि पलीकडच्याला आत काय चाललंय ते कळत नाही. तीन बोगद्यांचे तीन अंधार मिळाले तर मी पार्श्वसंगीत मागणारही नाही.

धडाडीच्या पोलीस अधिकाऱ्याला इगतपुरीत प्लॅटफॉर्मवर थांबवून ठेवा. त्याला फक्त वाट बघू दे.

चित्रीकरणाचं विचारलंत. खऱ्या गाडीच्या मागे लागू नका. रेल्वेची परवानगी, शुल्क आणि वेळापत्रक यांत तुमचं बजेट मांडवातच संपेल. १९७४ च्या मंडळींनीही भुयारातली दृश्यं ब्रुकलिनमधल्या बंद पडलेल्या कोर्ट स्ट्रीट स्थानकात घेतली, तिथे आता रेल्वेचं संग्रहालय आहे. रेल्वे प्राधिकरणाने त्यांना डब्यांवर रंगाने खरडलेली अक्षरं-चित्रं (ग्राफिटी) दिसू द्यायची नाहीत अशी अट घातली होती, म्हणून ती गाडी तेव्हाच्या मानाने संशयास्पद स्वच्छ दिसते. तुम्ही नाटकवाले आहात. एका डब्याचं नेपथ्य उभं करणं तुमच्यासाठी चार दिवसांचं काम. त्याआधी नाशिकच्या सायखेडकर नाट्यगृहातल्या तालमीसारखी नुसत्या खुर्च्या मांडून, कॅमेऱ्याशिवाय, कसारा ते इगतपुरी सलग तालीम करा. मधे कट म्हणायचं नाही. जिथे बघणारे चुळबुळ करतील तिथे खूण करा, मग लिहायला बसा.

कसाऱ्याचा सीन नव्याने झाला की पाठवा. त्यात फ्लॅशबॅक नसेल तर संकलनाला मी येतो. मानधनाचं आपण नंतर बघू, पण पहिल्या कच्च्या कटला दिग्दर्शकाने माझ्या शेजारी बसायचं नाही, ही अट आत्ताच सांगून ठेवतो.